हातोडीची जागा

३ फेब्रुवारी

चि. सूनबाई,

पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतेय. नव्या घरचा पत्ता तुझ्या नवऱ्याकडे असेल, पण मी विचारला नाही आणि त्याने सांगितला नाही. पाणी तपासायच्या प्रयोगशाळा एका शहरात अशा किती असणार! पोचेल.

भांडायला लिहीत नाहीये आणि समजूत घालायलाही नाही. मला तुझ्या टँकबद्दल विचारायचंय.

तू गेल्याला पाच आठवडे झाले. दोन्ही नारिंगी मासे ठीक आहेत. माशांच्या अंगावरची घाण खाणारी ती लांब मिशांची कोळंबी आहे, परवा तिने कात टाकली तेव्हा मला वाटलं मेलीच, आणि मी अर्धा तास हळहळत बसले. मग दगडामागून खरी बाहेर आली. पण कोरलांचं मला काही कळत नाही. पोवळं म्हणजे अंगठीतला खडा, एवढीच माझी आजवरची समज. तू चार वर्षं त्या काचेला नाक लावून बसायचीस तेव्हा मी त्याला ‘सूनबाईंचा हौद’ म्हणायचे, ते तुला आवडायचं नाही हे मला माहीत होतं.

तुझा नवरा म्हणतो, कुणालातरी देऊन टाकू. मागच्या रविवारी एक जण बघायलाही आला. चांगला माणूस होता, बायकोला घेऊन आला होता. लेक लिफ्टच्या कामावर गेलेला, घरात मी एकटी. मी त्यांना सांगितलं, टँक गळतोय. टँक गळत नाही.

तर आता सांग. दिव्याच्या डबीवर दोन बटणं आहेत, एक निळ्याचं, एक पांढऱ्याचं. कुठलं किती ठेवायचं? किती वाजता लावायचा, किती वाजता घालवायचा? कुठलं कोरल दिव्याजवळ लागतं आणि कुठलं लांब? ते हिरवं, नाण्यांसारखं दिसणारं, सध्या आक्रसून बसलंय. त्याला उजेड कमी पडतोय की जास्त, हे बघून कसं ओळखायचं?

हातोड्यांसारख्या टोकांचं तुझं ते लाडकं कोरल, तुझी ‘हातोडी’, पांढरी पडलेली तशीच डाव्या कोपऱ्यात आहे. मी तिला हात लावलेला नाही.

त्या दिवशी तुम्हा दोघांचं काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. मी स्वयंपाकघरात होते, नळ चालू होता.

उत्तर दिलंस तर बरं. टँकपुरतंच लिही.

आई

२१ फेब्रुवारी

चि. सूनबाई,

तुझं पत्र मिळालं. वर नाव नाही, खाली सही नाही, मधे चौदा ओळी. पण अक्षर तुझं, म्हणून मी त्याला पत्रच म्हणणार.

सगळं तुझ्या सांगण्याप्रमाणे केलं. दिवा दहाला लागतो, सातला जातो. आधी तासभर नुसता निळा, मग हळूहळू पांढरा. हे लेकाने डबीत भरून दिलं. मला ते जमलं नसतं, मला अजून घड्याळाचा गजर लावता येत नाही. नाण्यांसारखी हिरवी कोरलं खाली नेली, आणि चौथ्या दिवशी ती पसरली. अंधार आवडणारं कुणी असतं हे मला साठीनंतर कळतंय. मला अंधारात सुई ओवता येत नाही, म्हणून मी आपलं सगळ्यांनाच उजेडात ओढायला जाते. घरात पाऊल टाकलं की पहिले पडदे बाजूला सारायची माझी सवय तुला माहीतच आहे.

तू लिहिलंस, दोन कोरलांत वीतभर अंतर ठेवा, ती अंधार झाला की बारीक हात लांब करतात आणि शेजाऱ्याला डसतात. हे मी आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना वाचून दाखवलं. त्या हसल्या, पण त्यांना नक्की काय समजलं देव जाणे.

आता महत्त्वाचं. बुधवारी माझ्याकडे एक काळा कोट आला होता, कोपरावर कसरीने खाल्लेला. काळ्यावर काळ्या धाग्याने रफू करायचं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. भिंग लावून बसले होते. मान अवघडली म्हणून वर बघितलं तर समोर टँक. ते भिंग तसंच हातात घेऊन मी काचेपाशी गेले आणि हातोडीकडे बघितलं. तिची सात तोंडं. सहा नुसती चुन्यासारखी, कड धारदार, आत काही नाही. पण सातवं, भिंतीकडचं, सगळ्यात लहान, त्याच्या कडेवर काहीतरी होतं. पांढरं नाही, रंगच नाही असं. ओल्या काचेवर पाण्याचा थर दिसतो तसं. मी पाच मिनिटं बघत राहिले. मग ते हललं.

दुकानदाराला फोन केला. तुझा तो मासेवाला, प्रत्येक वाक्याआधी ‘काकू, घाई नाही’ म्हणणारा. मी म्हटलं, मला घाई आहे, आत्ता ये. तो दुसऱ्या दिवशी आला. त्याने बॅटरी लावून बघितलं आणि म्हणाला, “काकू, घाई नाही, पण हे जिवंत आहे.”

मग त्याने समजावलं. कोरलाच्या अंगात म्हणे डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न बनवतं, कोरलाला खाऊ घालतं, आणि रंगही त्याचाच. उजेड फार झाला की कोरल त्याला अंगाबाहेर काढतं, आणि मग पांढरं पडून उपाशी राहतं. पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे, म्हणाला, पांढरं म्हणजे उपाशी. काही महिने तग धरतं.

हे तुला ठाऊकच असणार. मला नव्हतं. तुला ते सातवं तोंड दिसलं नसेल, कारण तू त्या दिवशी टँकपुढे पाच मिनिटंसुद्धा उभी राहू शकली नाहीस.

दुकानदाराने विचारलं, “हिची जागा कुणी बदलली होती का?”

मी म्हटलं, “नाही.”

लेकाला सांगितलं तेव्हा तो खुर्ची ओढून कोपऱ्यासमोर बसला. म्हणाला, “तिला लिही. पण आशा लावू नकोस.” आणि मग, दिव्याच्या डबीकडे बघत, “मीच वाट लावली गं.”

कळावे.

आई

१४ मार्च

चि. सूनबाई,

या वेळी तुझ्या पत्राला वर ‘आई’ होतं. बरं वाटलं.

सातवं तोंड आहे. तू सांगितल्याप्रमाणे त्याच्यावर उजेड आणखी कमी केला. मच्छरदाणीचं कापड चौपदरी करून एका तारेच्या चौकटीवर ताणून शिवलं आणि टँकच्या त्या कोपऱ्यावर ठेवलं. शिवण बघून दुकानदार म्हणाला, काकू, एवढी सुबक जाळी मी विकतसुद्धा नाही. दर दहा दिवसांनी एक पदर उसवायचा. आता तीन उरलेत. खाणं तू सांगितलंस तसंच, दिवा गेल्यावर, पंप बंद करून, बारीक केलेलं गोठवलेलं खाद्य ड्रॉपरने अगदी तोंडापाशी. पहिल्यांदा मी एवढ्या जोराने दाबलं की सगळं नारिंगी माशांनी मटकावलं. आता हात बसलाय. सुई धरणारा हात आहे, जाईल कुठे.

परवा त्या तोंडाने तुकडा धरून ठेवला. सावकाश आत ओढला. मी लेकाला हाक मारली, तो अर्धी दाढी झालेली तसाच धावत आला. आम्ही दोघं त्या करंगळीएवढ्या जिवाकडे बघत बसलो होतो, आणि मला एकदम जाणवलं की आम्ही दोघं कित्येक महिन्यांत एका जागी असे बसलो नव्हतो. तू असताना तू मधे असायचीस. तू त्याचं मला सांगायचीस, माझं त्याला. आता आमच्यात बोलायला ही हातोडी.

दुकानदार उजेड मोजायचं यंत्र घेऊन आला होता. दांडीच्या टोकाला एक डोळा असतो, तो पाण्यात बुडवून जागोजागी फिरवतो आणि आकडे वाचतो. दिव्याखालच्या उंच खडकावर तीनशेच्या वर. मधल्या पायरीवर दीडशे. हातोडीच्या कोपऱ्यात, जाळी काढून, साठ. मग तो बरंच काही बोलला, सगळं लिहीत नाही.

तू विचारलं आहेस: ती नक्की कोणत्या दिवसापासून पांढरी पडायला लागली, आणि तेव्हा दिवा किती होता, ते त्याला विचारून कळवा.

लेकाला विचारलं नाही. तो काय सांगणार! वीज गेली, आली, डबीतलं सगळं पुसलं गेलं, त्याने अंदाजाने बटणं दाबली, एवढंच त्याला ठाऊक. आता तो रोज घरी आला की आधी दिव्याची डबी बघतो. बूट काढायच्या आधी. इमारतीतली लिफ्ट परवा बंद पडली तर स्वतः लिफ्टचा माणूस असून मला म्हणाला, “मी हात नाही लावत, दुसऱ्याला बोलाव.”

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देईन. या पत्रात नाही.

आई

२७ मार्च

चि. सूनबाई,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. हे चौथं. हे वाचून झालं की पुढे लिहायचं की नाही ते तू ठरव.

हातोडी मी मारली.

तू तुझ्या आईच्या ऑपरेशनसाठी गेलीस त्या दिवशी दारात बॅग घेऊन उभी होतीस आणि त्याला सांगत होतीस, पाणी किती घाल, मीठ कसं मोज. शेवटी आवाज खाली घेऊन म्हणालीस, “आणि आईंना हात लावू देऊ नकोस.” मला ऐकू आलं. मला सगळं ऐकू येतं, नळ चालू असला तरी.

ते वाक्य मला लागलं. चाळीस वर्षं मी उजेडावर जगलेय. कापड कोणत्या बाजूने धरलं की विणीचा धागा दिसतो, सकाळचा उजेड कशाला बरा, ढगाळ दिवशी कोणतं काम हाती घ्यायचं नाही, हे माझ्याइतकं या गावात कुणाला कळत नसेल. आणि ही काल आलेली मला सांगते हात लावू नका. सहा वर्षं झाली होती तुला घरात येऊन, तरी मी ‘काल आलेली’च म्हटलं, मनात.

तिसऱ्या दिवशी घरी कुणी नव्हतं. मी कामाच्या टेबलाशी बसले होते आणि हातोडी त्या अंधाऱ्या कोपऱ्यात. मला वाटलं, सगळ्यात देखणी वस्तू हिने अडगळीत टाकल्यासारखी ठेवलीय. वर ठेवली तर किती खुलेल. आल्यावर बघेल आणि कबूल करेल की म्हातारीला काहीतरी कळतं. खरं सांगायचं तर हे शेवटचंच जास्त होतं. मी घड्याळ काढलं, बाही खांद्यापर्यंत वर केली, हात घातला आणि तिला उचलून उंच खडकावर, दिव्याच्या बरोबर खाली ठेवलं. दिसली मात्र सुंदर. हिरव्या हातोड्या, टोकं सोनेरी.

दुसऱ्या दिवशी ती मिटली. मला वाटलं सवय होईल. तिसऱ्या दिवशी फिकी झाली. पाचव्या दिवशी पांढरी. तेव्हा मी घाबरले आणि तिला उचलून परत कोपऱ्यात ठेवलं. जशी होती तश्शी, तोंड त्याच दिशेला, मागची बाजू भिंतीला. रफू करणाऱ्या बाईला दुसरं काय येतं? भोक होतं हे कुणाला कळू नये, हेच आमचं काम.

वीज गेली ती नेमकी दुसऱ्या आठवड्यात. त्याने बटणं दाबली. मला आयतं कारण मिळालं.

तू आलीस. तू विचारलंस, “कुणी हात लावला?” तो म्हणाला, “एवढ्याशा दगडासाठी घर डोक्यावर घेतेस?” तो चुकला, तसं बोलायला नको होतं. पण त्याला खरंच काही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “दिव्याचं बटण दाबलं होतं, मीच केलं असेन.” आणि तू म्हणालीस, “असेन म्हणजे काय? या घरात चुकलं असं कुणी म्हणतच नाही कधी. सगळ्यांचं ‘असेल’ आणि ‘असेन’.” एक वर्ष तू बदली नाकारत होतीस ती आठवड्यात घेतलीस. मी भाजी चिरत होते. मी फक्त बाहेर यायचं होतं, सात पावलं. मी नाही आले.

मागच्या पत्रात दुकानदाराचं बोलणं लिहिलं नव्हतं. तो म्हणाला, त्या कोपऱ्यात दिवा पुरा चढवला तरी शंभराच्या वर उजेड जात नाही, आणि हातोडीला शंभर सोसतो. “दिव्याने हे झालेलं नाही, काकू. ही कुणीतरी वर ठेवली होती.” माझ्याकडे बघून म्हणाला. मग आपणहून म्हणाला, “असो. घाई नाही.”

म्हणजे तुझा नवरा तीन महिने ज्याबद्दल स्वतःला खातोय ते त्याने केलंच नाही, आणि हे त्या यंत्राला कळलं, दुकानदाराला कळलं, मला तर पहिल्यापासून माहीत होतं.

रविवारी त्याला सांगितलं. तो टँकची काच पुसत होता.

मी म्हटलं, “हातोडीचं तू नाही केलंस.”

“मग कुणी?”

“मी. तिला वर ठेवलं होतं. दिव्याखाली.”

तो पुसतच राहिला. “कधी?”

“ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी.”

“आणि परत खाली?”

“पांढरी पडली तेव्हा.”

मग त्याने फडकं बादलीत टाकलं. “आई, मी तिला म्हटलं होतं की मीच केलं असेन.”

“माहीत आहे.”

“तू तिथेच होतीस.”

“स्वयंपाकघरात.”

“तेच म्हणतोय मी,” तो म्हणाला.

त्याने हात धुतले, बूट घातले आणि गेला. संध्याकाळी आला, जेवला नाही. आज चार दिवस झाले, तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. हातोडीला मात्र वेळेवर खाणं घालतो.

माफ कर असं लिहीत नाही. ते लिहिलं की तुला काहीतरी द्यावं लागतं. माझं चुकलं, एवढंच लिहिते. असेल नाही. चुकलं.

आई

२ मे

चि. सूनबाई,

पाच आठवडे तुझं पत्र नाही. मी तक्रार करत नाहीये, हिशेबात होतंच ते.

टँकची बातमी तेवढी कळवते. जाळीचा शेवटचा पदर बारा एप्रिलला उसवला. सातव्या तोंडाला रंग येतोय. आधी खाकी, मातकट, मला वाटलं सडतंय. पण दुकानदार म्हणाला तेच शेवाळ परतलंय, हिरवं मागाहून दिसेल. बाकीची सहा गेली. त्यांच्या चुन्यावर आता जांभळट थर चढतोय. तोडून टाकू का विचारलं तर म्हणाला, राहू द्या, सातव्याला टेकायला तेवढंच.

लेक नऊ दिवस बोलला नाही. दहाव्या दिवशी म्हणाला, “मीठ कमी आहे.” मी म्हटलं, “टँकमध्ये?” म्हणाला, “भाजीत.” मग आम्ही दोघं हसलो, आणि हसता हसता तो रडला. एवढा दांडगा माणूस, आठ मजले दोराला लटकून काम करणारा. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याने तो झटकला नाही.

म्हणाला, “तू सांगितलंस ते बरं केलंस. पण मी तिला दगड म्हटलं, ते तर मीच म्हटलं ना.”

मी म्हटलं, “ते तू तिला सांग. मला सांगून काय उपयोग?”

तो तुला फोन करतो हे मला कळतं. दार लावून बोलतो. या वेळी मी खरंच ऐकत नाही, गॅलरीत जाऊन उभी राहते. शेजारच्या बाई विचारतात, एवढं काय बघता? सांगते, हवा खाते.

तो गेल्या शनिवारी दोन दिवस बाहेरगावी जाऊन आला. कुठे ते विचारलं नाही. आला तेव्हा त्याच्या पिशवीत तुझ्या हातचा डबा होता. डबा मी ओळखला, आपल्याच घरचा, झाकणाला पोचा पडलेला.

आई

१९ मे

चि. सूनबाई,

आज तुझं कार्ड आलं. दोन ओळी. “मी इथे एक लहान टँक लावलाय. पाणी तयार झालंय. हातोडी पाठवता येईल का?”

येईल. पण कुरिअरने नाही, त्याच्या हातीही नाही. मी घेऊन येते. नको म्हणालीस तर बसस्टँडवर तुझ्या हातात देऊन तशीच मागे फिरेन.

आई

११ जून

चि. सूनबाई,

सुखरूप पोचले. तू दिलेल्या चटण्या ठीक आहेत, फळं बसमध्येच संपली.

तुला सगळं ठाऊक आहे तरी लिहिते, कारण समोर असताना मला अर्ध्याहून जास्त बोलता आलं नाही.

येताना सहा तास तो थर्माकोलचा डबा मी मांडीवर धरला होता. दुकानदाराने पिशवीत पाणी भरून, फुगवून, वर पेपर गुंडाळून दिली होती. शेजारच्या बाईने विचारलं, औषध आहे का? मी म्हटलं, पेशंट आहे. मग तिने पुढचे चार तास माझ्याशी अतिशय हळू आवाजात बोलणं चालू ठेवलं.

तू स्टँडवर आली होतीस. बारीक झालीस. हे तिथेच म्हणाले असते, पण सासू सुनेला बारीक झालीस म्हणाली की त्याचे दहा अर्थ निघतात.

तुझी खोली मला आवडली. एकच खिडकी, एक टेबल, त्यावर तो हातभर टँक आणि शेजारी तुझ्या बाटल्या, ओळीने, चिठ्ठ्या लावलेल्या. आमच्या घरात तुझी अशी जागा फक्त टँकचे ते चार फूट होती, हे मला तिथे उभं राहिल्यावर समजलं. आणि त्यातही मी हात घातला.

पिशवी पाण्यावर तरंगत ठेवलीस, मग बारीक नळीने तुझ्या टँकचं पाणी तिच्यात थेंब थेंब सोडलंस. तासभर आपण दोघी ते थेंब बघत बसलो होतो. मग तू तिला हातात घेतलंस, उलटसुलट केलंस, मेलेल्या सहा तोंडांवरून बोट फिरवलंस. मला वाटलं आता बोलशील. बोललीस.

“माझा राग गेलेला नाही, आई.”

मी म्हटलं, “असू दे.”

“तुम्ही हातोडीला मारलंत त्याचा तेवढा नाही. परत कोपऱ्यात ठेवलीत, त्याचा.”

“हो.”

“पण मधले सात आठवडे मी पत्र लिहिलं नाही, आणि रोज टपाल आलं का विचारत होते. ऑफिसमधला शिपाई म्हणाला, बाई, कुणाचं एवढं?”

मग तू विचारलंस, “कुठे ठेवू?” मी म्हटलं, तुझा टँक, तू ठरव. तू म्हणालीस, “विचारतेय म्हणून सांगा. तीन महिने तुम्ही बघितलंय तिला, मी नाही.” मी यंत्राशिवाय, डोळ्यांनी बघून सांगितलं, मधल्या खडकाच्या आडोशाला, पाण्याचा जोर थेट येणार नाही तिथे. तू ठेवलीस. अर्ध्या तासाने बोटभर उजवीकडे सरकवलीस. बरोबर केलंस, तिथे जास्त बरी होती.

तू मला स्पष्ट सांगितलंस की त्या घरात तू परत येणार नाहीस. त्याला तिकडे काम मिळतंय का तो बघतोय, मिळालं तर दोघांनी खोली मोठी घ्यायची. हे त्याने मला आधीच सांगितलं होतं, पण तू स्वतः सांगितलंस म्हणून बरं वाटलं. मी एकटी राहीन. मला त्याचं भय नाही, काम आहे, भिंग आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या बाई आहेत. मोठा टँक तुम्ही जागा घेईपर्यंत मी सांभाळते.

आता जे सांगितलं नव्हतं ते.

संध्याकाळी तुझी शेजारीण इस्त्री परत करायला आली. मी पलंगावर बसलेली. तिने तुला विचारलं, “या कोण?” तू काय म्हणतेस याची मी वाट बघत होते. खोटं कशाला सांगू, जीव मुठीत धरून बसले होते. सासू म्हणाली असतीस तरी खरंच होतं, नुसतं ‘गावाकडून आल्यात’ म्हणाली असतीस तरी मी काही बोलले नसते. तू इस्त्री हातात घेतलीस, वायर गुंडाळलीस आणि म्हणालीस, “माझ्याकडे आल्यात. चार दिवस राहणार आहेत.”

माझ्या पर्समध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या बसचं परतीचं तिकीट होतं. येतानाच काढलं होतं. एक साडी आणली होती, तीही अंगावरची. तू अंथरूण घालायला वळलीस तेव्हा मी ते तिकीट काढून बारीक बारीक फाडलं आणि खिडकीतून टाकणार होते, मग खाली कुणाच्या डोक्यावर पडेल म्हणून परत पर्समध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, “आई, दुसरे कपडे नाही आणलेत?” आणि मी म्हटलं, “विसरले बघ.”

विसरले नव्हते.

आई